लपवून ठेवलेल्या कल्पनांविषयी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. कारखाना हाती घेऊन दीड वर्ष झाले तरी माणसे नवे काही सुचवत नाहीत आणि फाटकाजवळ लावलेल्या सूचनापेटीत चार महिन्यांत दोनच चिठ्ठ्या पडल्या, त्याही चहाबद्दलच्या, असे तू खेदाने लिहिले आहेस. त्या दोन चिठ्ठ्यांचे पुढे काय केलेस, याचा मात्र पत्रात उल्लेख नाही. चहा सुधारला असता, तर तिसरी चिठ्ठी मशीनबद्दल आली असती, असे मला मनापासून वाटते.

तुझ्या माणसांना काही सुचत नाही, हे मला पटत नाही. कोल्हापुरात मी सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा आमच्याकडे पंपाच्या कव्हरला चार भोके पाडण्याचे काम नगावर, म्हणजे नगामागे ठरलेल्या दराने, दिले जात असे. प्रत्येक कव्हरवर रेघा मारायच्या, पंचाने खूण करायची आणि मग ड्रिल लावायचे, अशी पद्धत होती. एक जुने कारागीर मात्र रात्रपाळीत इतरांच्या जवळजवळ दीडपट नग काढत. एकदा मी अचानक त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी घाईघाईने काहीतरी चिंधीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत टाकले. भंगारातल्या जाड पट्टीला चार भोके पाडून, त्यांत कडक पोलादाचे बुश बसवून त्यांनी स्वतःच एक जिग, म्हणजे ड्रिलला नेमक्या जागी नेणारा साचा, तयार केली होती. ती कव्हरवर बसवली की रेघ मारायला नको आणि पंचही नको. लपवता का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "साहेब, मागं एकानं असंच दाखवलं होतं. महिनाअखेरीला दर कापला." माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते, कारण तो दर कापणाऱ्या कागदावर सही करण्याचे काम आता माझ्याकडेच आले होते.

म्हणून माझा पहिला सल्ला हिशेबाचा आहे, प्रेरणेचा नाही. कामगाराने शोधलेल्या युक्तीमुळे वेळ वाचला, तर त्या कामाचा दर ठरावीक मुदतीपर्यंत बदलणार नाही आणि त्या युक्तीमुळे कोणाची नोकरी जाणार नाही, असे लेखी दे आणि ते फलकावर लाव. सत्कार आणि बक्षिसे जरूर कर. पण नारळ-शाल देऊन पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम बंद केलास, तर माणसे ओव्हरटाइमच लक्षात ठेवतील. आपल्या कल्पनेने आपल्याच शेजाऱ्याच्या पोटावर पाय येणार असेल, तर शहाणा माणूस गप्प बसतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट उत्तर देण्याची. एका पावसाळ्यात आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या विभागात, कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडणारी पोकळ भोके, येऊन रिजेक्शन वाढले होते. वाळू तपासली, धातूचे तापमान तपासले, बाहेरून सल्लागार आणले. नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या एका मावशींनी मला सुरुवातीलाच सांगितले होते की रात्री करून शटरजवळ ठेवलेले कोअर सकाळी हाताला ओलसर लागतात आणि बिघडलेले नग त्यांचेच असतात. मी "बघू" म्हणालो आणि विसरलो. तीन आठवड्यांनी आम्ही कोअर जमिनीवरून रॅकवर हलवले, झाकले आणि वापरण्यापूर्वी वाळवू लागलो, तेव्हा रिजेक्शन उतरले. सिलिकेटने घट्ट केलेले कोअर हवेतला ओलावा धरतात, हे मी पुस्तकात वाचलेले होते. त्यांना ते बोटांनी कळले होते. नुकसान माझ्या त्या एका "बघू"ने झाले, आणि धातूपेक्षा मोठे नुकसान असे की पुढे वर्षभर मावशींनी मला काही सांगितले नाही.

सूचनापेटी वाईट नाही. टोयोटाचे एजी टोयोडा 1950 मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहायला गेले आणि तिथली कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत पाहून 1951 मध्ये टोयोटाने आपल्याकडे ती सुरू केली. पण त्याच कंपनीत दोष दिसला की कामगार दोरी ओढतो, प्रमुख धावत येतो आणि दोष तिथेच निस्तरला नाही, तर चालू लाइन थांबते. पेटीत टाकलेल्या कागदाला किंमत येते ती अशा वागणुकीमुळे. तुझ्याकडे दोरी नसेल, पण प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत तोंडी उत्तर देणे तुला शक्य आहे. सूचना नाकारायची असेल, तर तू स्वतः त्या माणसाच्या मशीनपाशी जाऊन कारण सांग. हे काम मॅनेजरवर सोपवू नकोस.

फसलेल्या प्रयोगांविषयीही तू विचारले आहेस. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हातून 1968 मध्ये एक गोंद तयार झाला, जो चिकटे पण सहज सुटे. मजबूत गोंद शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो फसलाच होता. त्यांनी तो न लपवता वर्षानुवर्षे सहकाऱ्यांना दाखवला. 1974 मध्ये आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणेसाठी तो आठवला आणि चिकटवून काढता येणाऱ्या चिठ्ठ्या 1980 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आल्या. तुझ्या कारखान्यात बिघडलेला नग आज कुठे जातो? साहेबांच्या नजरेस पडू नये म्हणून थेट भट्टीत जात असेल, तर त्याच्याबरोबर त्यातून कळण्यासारखे सगळे वितळते. एक टेबल मोकळे कर, बिघडलेले नग त्यावर मांड आणि शनिवारी अर्धा तास सगळ्यांसोबत त्या टेबलाभोवती उभा राहा. पहिले काही शनिवार कोणी बोलणार नाही. तेव्हा तूच तुझ्या चुकीच्या निर्णयाचा एखादा नग त्या टेबलावर ठेव आणि काय चुकले ते सांग.

पुढच्या महिन्यात मी तिकडे येणार आहे. यंत्रे मला दाखवू नकोस, ती मी पाहिली आहेत. तुझ्या ड्रिल मशीनवरच्या माणसांशी माझी ओळख करून दे आणि तोवर त्या चहाचे काय ते बघून ठेव.

तुझा काका