बूम घेताय? आधी मागचं टोक बघा

प्रश्न: नमस्कार सर, आमचा संगमनेरला पासपोर्ट फोटोचा छोटा स्टुडिओ आहे, आधी वडील बघायचे आता मी बघतो. खोली 10 बाय 14, स्लॅब साडेनऊ फुटांवर. नुसत्या पासपोर्टवर आता भागत नाही म्हणून दागिने, पोर्टफोलिओ आणि लहान बाळांचे शूट पण घ्यायला लागलोय. 60 वॅटचा एलईडी आहे, 90 सेंटीमीटरचा ऑक्टा (लाइट मऊ करणारी आठकोनी कापडी पेटी) आहे. वरून लाइट द्यायला बूम, म्हणजे लाइट पुढे धरून ठेवणारा आडवा दांडा, घ्यायचाय. दुकानदाराने तीन दाखवले, एक साधा स्टँडच पण वरचा दांडा आडवा होतो तसला, दुसरा सी-स्टँड, तिसरा चाकांचा मोठा. पहिल्याच्या खोक्यावर 8 किलो लिहिलंय, तोच घ्यावा असं वाटतंय. बजेट दहा हजारांच्या आत. काय करू?
(एक वाचक, संगमनेर)

उत्तर: दादा, खोक्यावरचे ते 8 किलो आधी डोक्यातून काढा. बहुतेक वेळा तो आकडा दांडा सरळ उभा असतानाचा असतो, आडवा केला की सगळा हिशोबच बदलतो आणि ते खोक्यावर कोणी छापत नाही.

हिशोब कावडीचा आहे. तुमचा एलईडी धरा दीड किलो, ऑक्टा रिंगसकट एक किलो, झाले अडीच. आता दांडा समजा 2 मीटरचा आहे आणि तुम्ही तो पुढे दीड मीटर काढलात, मागे राहिला अर्धा मीटर, म्हणजे पुढचा हात मागच्याच्या तिप्पट, मग मागे वजनही तिप्पट लागणार, साडेसात किलो. त्यात दांड्याचं स्वतःचं वजन धरलंच नाहीये. आणि आता खरी गंमत, पुढचे अडीच आणि मागचे साडेसात मिळून 10 किलो बसले त्या एका उभ्या नळीवर, जी 8 किलोची म्हणून तुम्ही घेणार होतात! तोच दांडा मधोमध धरला तर मागे अडीच किलो पुरतात, सगळे मिळून 5. म्हणून बूम बघताना सगळे पुढे किती जातो ते विचारतात, मी मागे किती उरतो ते विचारतो. मागचं टोक आखूड असेल तर तिथे वजनासाठी लटकवलेल्या पिशवीत कितीही दगड भरा, त्रास स्टँडलाच.

तुमच्या खोलीत मात्र लांब शेपटीचा बूम पण अडचणच, 10 फुटांत पुढे मॉडेल आणि मागे लटकती पिशवी, तुम्ही फ्रेम बघत मागे सरकलात की कपाळमोक्ष ठरलेला. चाकांचा मोठा तर सोडूनच द्या, चांगली वस्तू आहे पण ती हॉलएवढ्या स्टुडिओत, तुमच्याकडे तो उभा केला की गिऱ्हाईक दारात उभं करावं लागेल. मी तुमच्या जागी असतो तर सी-स्टँड घेतला असता, 40 इंची आर्म (आडवा दांडा) आणि ग्रिप हेडसकट, म्हणजे दोन चकत्यांत आर्म आवळून धरणारा नॉबवाला सांधा. आर्म म्हणजे साधारण मीटरभर, टेबलावरच्या दागिन्यांना तेवढा भरपूर होतो. अडीच किलो अगदी टोकाला लावू नका, हेडपासून दोन-सव्वादोन फुटांवर ठेवा, उरलेला आर्म मागे काढा आणि गरज पडली तर तिथे वजन लटकवा. पोर्टफोलिओच्या हेअरलाइटला (केसांवर पडणारा लाइट) तर ऑक्टा नकोच, छोटा फ्लॅश किंवा हलका एलईडी आणि अरुंद स्ट्रिप (लांबट कापडी पेटी) पुरते, वजन निम्म्यावर येतं.

घेताना दुकानातच एक टेस्ट करा. पाण्याची 2 लिटरची भरलेली बाटली आणि अर्ध्या लिटरची एक, पिशवीत घालून जिथे लाइट येणार तिथे अडकवा, झाले तुमचे अडीच किलो. नॉब हाताने जेवढा आवळतो तेवढाच आवळा, पक्कड नको. मग दुकानदाराने चहा मागवला तर घ्या, दहा मिनिटं गप्पा मारा आणि परत बघा. पिशवी बोटभर जरी खाली आली असेल तर तो स्टँड तिथेच ठेवून या. लाइट जिथे बसतो ती खुंटी पण बघा, 16 मिलिमीटरची जाड धातूची हवी, नुसता पाव इंची स्क्रू असेल तर त्यावर ऑक्टा लावायचा नाही.

आता ग्रिप हेडबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय. कोल्हापुरात एका खानावळीचं मेनूकार्डचं शूट होतं, थाळी मांडली, वाफ दिसायला पाहिजे म्हणून गरम तांबडा रस्सा शेवटी वाढायला सांगितला, वरून सॉफ्टबॉक्स, म्हणजे ऑक्टासारखीच लाइटवरची कापडी पेटी. पहिले चार फ्रेम मस्त आले. पाचव्याला मला वाटलं एक्सपोजर वाढलं, सातव्याला अजून वाढलं, मी सेटिंग खालीवर करत बसलो, आणि लाइट वाढत नव्हता तर खाली येत होता हो, इंच इंच करत, आणि मी वर बघेपर्यंत तो वाटीत टेकला. डाग अजून आहे त्या कापडावर, धुऊन धुऊन केशरी झालाय. चूक स्टँडची नव्हती, नॉब उलट्या बाजूला होता. नियम सोपा आहे, आर्म तुमच्यापासून लांब जाईल असं स्टँडच्या मागे उभे राहा, नॉब तुमच्या उजव्या हाताला यायला पाहिजे. मग वजन खाली ओढतं तेव्हा ते नॉब आवळायच्या दिशेनेच फिरतं. डाव्या हाताला असेल तर तेच वजन तुमचा नॉब सैल करत बसतं. एवढी साधी गोष्ट, पण मला कोणी सांगितली नव्हती.

सी-स्टँडचे तीन पाय एका उंचीवर नसतात, सगळ्यात उंच पाय लाइटच्या दिशेला करा आणि वाळूची पिशवी त्याच पायावर टाका. पिशवी जमिनीला टेकता कामा नये, टेकली की तिचं वजन फरशी घेते आणि स्टँड मोकळाच राहतो. पिशवी विकत घ्यायची गरज नाही, जुन्या जीन्सचा पाय कापा, मधे एक शिवण मारा, दोन्ही बाजूला कोरडी वाळू आधी प्लॅस्टिकमध्ये बांधून मग भरा, नाहीतर शिवणीतून सांडत राहते आणि मग तुमच्या बॅकग्राउंडवर सापडते. आणि स्लॅब साडेनऊ म्हणजे पंखा साडेआठच्या आसपास आला. बूम फिरवायच्या आधी पंख्याचं बटण बंद, रेग्युलेटर नाही, बटण.

बाळांचं वेगळं लिहितो. बाळाच्या वर लटकता लाइट मी लावत नाही आणि तुम्हीही लावू नका, दुहेरी पिशव्या असल्या तरी नाही, सेफ्टी वायर असली तरी नाही. स्टँड बाजूला, सरळ उभा, ऑक्टा तिरका, किंवा खिडकी चांगली असेल तर तीच. त्या शूटला आजी, मावशी, दोन लहान पोरं असे पाच-सहा जण खोलीत असतात, कोणाचा पदर कशात अडकेल सांगता येत नाही. बूम घेतलात तरी त्या दिवशी तो कोपऱ्यात.

प्रश्न: सर, मी रेसिपीचे व्हिडिओ करते. लाइटच्याच बूमवर कॅमेरा उलटा लावला तर चालेल का? सध्या मोबाइल आहे, पुढे मिररलेस कॅमेरा घ्यायचा विचार आहे.
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ताई, मोबाइल चालेल, कॅमेऱ्याला जरा सांभाळून. लाइट थोडा हलला तर फोटोत कळत नाही, कॅमेरा हलला तर सगळं चित्र डुलतं, आणि तुम्ही पोळपाटावर लाटणं फिरवताय आणि स्टँडचा पाय त्याच टेबलाला टेकलाय असं झालं की संपलंच. स्टँड टेबलापासून सुटा ठेवा, आर्म जेवढा आखूड चालेल तेवढा आखूड, पंखा बंद. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची आटे असतात, बूमला बऱ्याचदा तीन-अष्टमांश इंची येतात, तेव्हा अडॅप्टर आणि एक छोटा बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवायचा सांधा) लागेल. कॅमेऱ्याचा पट्टा दांड्याला एक वेढा मारून बांधून टाका. कढईच्या बरोबर वर धरू नका, वाफ आणि तेलाचे शिंतोडे लेन्सवर बसतात, फोडणीचा शॉट थोडा तिरकाच घ्या.

प्रश्न: मालवणला स्टुडिओ आहे. खाऱ्या हवेने स्टँडचे सांधे गंजून घट्ट होतात, तेल घालू का?
(एक वाचक, मालवण)

उत्तर: नळ्यांना बाहेरून पुसटसं तेलाचं फडकं फिरवलं तर हरकत नाही, पण नंतर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. नॉबच्या आट्यांना अगदी थेंबभर. मात्र ग्रिप हेडच्या त्या दोन चकत्यांच्या मधे एक थेंबसुद्धा जाऊ देऊ नका, सगळी पकड तिथल्या घर्षणावर आहे. चुकून गेलंच तर हेड उघडा, चकत्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा आणि मग वर लिहिलेली पाण्याच्या बाटल्यांची टेस्ट परत करा.