ऐरोलीच्या ताईंना: व्हॉलीबॉलमध्ये करिअर होतं का?

ताई, मुलगा अकरावीत, उंची पाच फूट नऊ इंच, रोज संध्याकाळी मैदानावर आणि ‘व्हॉलीबॉलच खेळणार’ म्हणतो. यावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बारा वर्षं एका सरकारी उपक्रमाच्या टीममधून खेळलो, आता नेरूळला सकाळी मुलांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोट भरतं, पण लीगवर नाही. प्राइम व्हॉलीबॉल लीगचा पहिला हंगाम २०२२च्या फेब्रुवारीत झाला, तो जेमतेम तीन आठवडे चालला. वर्षभर घर चालतं ते स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीवर: रेल्वे, सैन्यदलं, पोलीस, तेल कंपन्या. भारताचे नामवंत व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज यांच्यासारखा खेळाडूसुद्धा इटलीत व्यावसायिक म्हणून जाण्याआधी केरळ पोलिसांत होता.

म्हणून वयाचा हिशेब आत्ताच करा. रेल्वेच्या क्रीडा भरतीत वय १८ ते २५ लागतं. त्याच्या आत राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा किंवा विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून नाव दिसायला हवं. शिक्षण सोडून ‘फक्त खेळ’ हा विचार मला म्हणूनच पटत नाही. कॉलेजची टीम हीच विद्यापीठाच्या निवडीची वाट आहे. प्रवेश घेताना त्या कॉलेजात व्हॉलीबॉलचा सराव खरंच होतो का, हे जाऊन बघा.

आणि प्रत्येक प्रमाणपत्र हातात पडताच नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष तपासा. माझ्या एका प्रमाणपत्रावर आडनाव चुकलं होतं. आयोजकांकडून दुरुस्त होऊन यायला सात महिने गेले आणि तेवढ्यात एक भरती हातची गेली. ती गोष्ट अजून सलते.

आता उंची. पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर असते. समोर साडेसहा फुटी ब्लॉकर असताना पाच-नऊच्या मुलाने स्मॅशरच व्हायचं ठरवलं, तर वरच्या पातळीवर फार अवघड जातं. या वयात सगळ्यांना स्मॅशच मारायचा असतो, मलाही मारायचा होता. पण लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा खेळाडू, ही जागा १९९८पासून खेळात आहे. त्याला ब्लॉक करता येत नाही, जाळीच्या उंचीपेक्षा वर असलेला चेंडू पलीकडे मारता येत नाही. त्याचं काम समोरची सर्व्हिस उचलून सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर लावून देणाऱ्याच्या, डोक्यावर नेमकी नेऊन देणं. इथे उंचीपेक्षा पाय आणि नजर कामाला येते. सेटरची जागाही आहे, पण ती बोटांची विद्या. रोज भिंतीवर दोन-तीनशे चेंडू खेळावे लागतात आणि हात तयार व्हायला वर्षं जातात. चांगल्या सेटरला टीम सहसा सोडत नाही.

एक कळकळीची विनंती. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर किंवा सिमेंटवर त्याला रोज उड्या मारू देऊ नका. माझे गुडघे सत्ताविसाव्या वर्षी तशाच जमिनीने गेले. मातीचं मैदान किंवा लाकडी कोर्ट मिळेल तिथेच उड्यांचा सराव, बाकी दिवस रिसिव्ह आणि पासिंग.

आज घरी आला की त्याला एवढंच विचारा: समोरची कडक सर्व्हिस उचलायला मजा येते का? हो म्हणाला तर त्याच्या सरांना सांगून महिनाभर त्याला मागच्या रांगेत खेळवा. मग इथे पुन्हा लिहा, पुढचं बघू.