सीएकडे जूनमध्ये जा, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: वय ४३, नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी. पगार वर्षाला ११ लाख, एफडीचे व्याज ६०,०००. घर स्वतःचे, कर्ज नाही. ऑफिसने विचारले तेव्हा नवी करप्रणाली निवडली, त्यामुळे पगारातून टीडीएस कापला गेला नाही. शनिवारी सीएकडे जायचे म्हणून फाईल लावली आहे: दोन्ही मुलांची ट्यूशन फी (७०,०००), पीपीएफ (५०,०००), पीएफमधला माझा वाटा (६५,०००), मेडिक्लेम (२५,०००) आणि मार्चअखेर घेतलेल्या विमा पॉलिसीची १ लाखाची पावती. ही पॉलिसी बायकोच्या मावसभावाने दिली. १० वर्षे हप्ता, २० वर्षांनी हमीचे २० लाख. ३०,००० कर वाचेल म्हणाला. बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, ४ एप्रिलला कुरियरने आला. आणखी कोणते कागद न्यावेत? रिफंड किती मिळेल?

उत्तर: कागदांचे शेवटी सांगतो. आधी त्या १ लाखाच्या पावतीबद्दल बोलू, कारण तिथे दिवस मोजके आहेत. म्हणूनच हे उत्तर छापण्याआधी तुम्हाला मेलने पाठवले.

तुम्ही नवी प्रणाली निवडलीत. तिच्यात ८०सी, म्हणजे ठरावीक बचत-खर्चावर मिळणारी वजावट, नाही. फी, पीपीएफ, मेडिक्लेम, विम्याचा हप्ता, कशाचीच वजावट नाही. ११ लाख ६० हजारांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात १० लाख ८५ हजार. २०२५-२६ साठी पगार-व्याजाच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. मग ३०,००० वाचणार कशातून?

जुन्या प्रणालीत गेलात तर? पीएफ, पीपीएफ आणि फी मिळून १ लाख ८५ हजार होतात. ८०सीची मर्यादा दीड लाखाची. म्हणजे ती पॉलिसीच्या आधीच भरलेली. मेडिक्लेम धरूनही तिथे लाखाच्या वर कर बसतो. कुठूनही गेलात तरी या हप्त्याने एक रुपया कर वाचत नाही. समोरच्याची पगाराची स्लिप न बघता ‘तीस हजार वाचतील’ म्हणून सांगणे मला अजिबात पटत नाही, सांगणारा घरचा असला तरी.

आता ‘दुप्पट’. १० लाख भरायचे, २० लाख घ्यायचे. पण पहिला हप्ता २० वर्षे अडकतो, शेवटचा ११. सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. तुमचे पीपीएफ खाते ७.१ टक्के देते आणि त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. तुम्ही ५०,०००च भरता. हेच १ लाख तिथे १० वर्षे भरले, मुदतवाढ घेत खाते चालू ठेवले आणि दर असाच राहिला, तर २० वर्षांनी २९ लाखांच्या आसपास होतात. दर बदलू शकतो हे मान्य, पण साडेचारपर्यंत यायला तो बराच खाली यावा लागेल.

आणि विमा? अशा पॉलिसीत कवच, म्हणजे मृत्यू झाल्यास घरच्यांना मिळणारी रक्कम, साधारण हप्त्याच्या दहापट असते, म्हणजे १० लाख. तुमच्या घरचा वर्षभराचा पगारही त्यातून निघत नाही. दोन शाळकरी मुले आहेत. याच हप्त्याच्या लहानशा भागात १ कोटीचा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूचे कवच देणारा) बसतो. तो तुमच्या यादीत कुठेच दिसत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

बॉण्डसोबतचे पहिले पत्र काढा. त्यात ‘फ्री लुक’चा परिच्छेद असेल: बॉण्ड मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. कुरियरचे पाकीट टाकले नसेल तर जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. बॉण्ड मेलवर आधी आला होता का तेही बघा. आला असेल तर दिवस तेव्हापासून धरून चाला. शनिवारी शाखा उघडी असेलच असे नाही, म्हणून अर्धी रजा टाका आणि आठवड्यातल्या कामाच्याच दिवशी विमा कंपनीच्या शाखेत जा. अर्ज, मूळ बॉण्ड, हप्त्याची पावती, रद्द केलेला चेक द्या आणि अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. त्या दिवसांच्या कवचाचा खर्च, स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचे पैसे एवढे कापून बाकी रक्कम परत येते. अर्ज मावसभावाच्या हाती देऊ नका. त्याला फोन जरूर करा, पण शिक्का मिळाल्यावर. घरात दोन दिवस अबोला राहील. ९ लाखांचे पुढचे हप्ते त्याहून जड आहेत.

रिफंडची आशा ३०,००० ची धरू नका. पगारातून कर कापलाच नाही, तर परत काय येणार? एफडीच्या व्याजावर बँकेने १० टक्क्यांनी ६,००० कापले असतील, तेवढे येतील. याहून मोठा रिफंड काढून देतो आणि त्यातले टक्के घेतो असे कोणी म्हणाले, तर त्याला आयकर पोर्टलचा पासवर्ड देऊ नका.

शनिवारची भेट रद्द करा. फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) कंपनी १५ जूनपर्यंत देते आणि शेवटच्या तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) पूर्ण दिसायलाही जून उजाडतो. तेव्हा फॉर्म १६, २६एएस, आयकर पोर्टलवरचे एआयएस (बँका आणि कंपन्यांनी कळवलेल्या तुमच्या व्यवहारांची यादी), प्रत्येक बँकेचे व्याजाचे सर्टिफिकेट आणि बचत खात्याचे वर्षभराचे स्टेटमेंट न्या. एआयएसमधले व्याज आणि बँकेचे सर्टिफिकेट घरीच शेजारी ठेवून जुळवा. फरक असेल तिथे पेन्सिलने खूण करा. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर त्याचे कॅपिटल गेन स्टेटमेंटही. रिटर्न भरायची मुदत ३१ जुलै, तेव्हा सीएकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली वेळ मागा.