'बॅड' वाटावं की 'बॅडली'?

प्रश्न : सुताची ऑर्डर माझ्यामुळे उशिरा गेली, म्हणून साहेबांना मेल केला, 'आय फील बॅडली अबाउट द डिले.' साहेबांचं उत्तर एका शब्दाचं, 'नोटेड'. बारावीतली मुलगी मात्र हसली. म्हणाली, 'बाबा, बॅडली नाही, बॅड.' आम्हाला शाळेत शिकवलं होतं की क्रियापदाची माहिती सांगणाऱ्या शब्दाला 'ली' लावायचं. आणि तसं असेल तर घाटातल्या पाटीवर 'ड्राइव्ह स्लो' कसं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. तुमच्या समाधानासाठी सांगतो, 'आय फील बॅडली' म्हणणारे इंग्रजी मातृभाषेचे लोकही कमी नाहीत. तेही तुमच्यासारखेच, नियम जरा जास्तच पाळायला जातात.

घोटाळा 'फील'मध्ये आहे. इंग्रजी इथे कंजूष आहे, एकाच क्रियापदावर दोन कामं भागवते. मराठीत आपण वाटणं वेगळं आणि चाचपणं वेगळं ठेवतो. त्यांच्याकडे दोन्ही 'फील'. दिसणं आणि पाहणं, दोन्ही 'लुक'. पदार्थ गोड लागतो तेही 'टेस्ट' आणि आपण चाखतो तेही 'टेस्ट'. म्हणून वर्गात मी व्याकरणाच्या संज्ञा बाजूला ठेवून आधी क्रियापद मराठीत आणायला सांगायचो. वाटणं, दिसणं, लागणं, वास येणं असं निघालं, तर पुढे विशेषण, 'ली' नको. चाचपणं, पाहणं, चाखणं, हुंगणं निघालं, तर क्रियाविशेषण. 'शी लुक्ड अँग्री', ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रीली ॲट मी', तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. तुमच्या धंद्यातलं घ्या : 'आय फेल्ट द क्लॉथ केअरफुली', कापड नीट चाचपून पाहिलं. तुम्हाला मात्र वाईट 'वाटलं' होतं, म्हणून 'बॅड'. 'बॅडली'चा काटेकोर अर्थ काढला तर तुम्हाला चाचपणं धड जमत नाही असा होतो, आणि सुताच्या धंद्यात हे कबूल करणं बरं नव्हे! (सुके बोंबील 'स्मेल बॅड'. त्यांना 'बॅडली' म्हणालात, तर बोंबलाला नाक आहे आणि ते चोंदलंय असं होईल.)

'ड्राइव्ह स्लो'वाल्या पाटीला मात्र नावं ठेवू नका. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक 'ए' जोडून क्रियाविशेषण होत असे. काळाच्या ओघात तो 'ए' उच्चारातून गळला आणि दोन्ही रूपं सारखी झाली. 'फास्ट', 'हार्ड' ही त्यातलीच, आणि पुढे 'स्लो'ही त्याच वळणावर गेला. पुढे व्याकरणकारांना हे खपेना. रॉबर्ट लाउथने 1762च्या आपल्या व्याकरणात तर शेक्सपिअरचीही अशी चूक काढली. पाटी शेक्सपिअरच्या बाजूची आहे. फक्त हा 'स्लो' क्रियापदाच्या नंतरच शोभतो. 'ही स्लो ओपन्ड द डोअर' चालत नाही, तिथे 'स्लोली'च हवं.

आणि 'ली' लावल्यावर अर्थच फिरतो अशीही एक जात आहे. तिचा फटका मी स्वतः खाल्लाय. शिक्षकाच्या नोकरीसाठी पहिली मुलाखत. मी छाती पुढे काढून म्हणालो, 'सर, आय हॅव ऑलवेज वर्क्ड हार्डली.' म्हणजे, मी आजवर जेमतेमच काम केलंय. समोरचे गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, 'प्रामाणिक आहात.' नोकरी मिळाली नाही. 'लेट' आणि 'लेटली'चंही तसंच : उशिरा आणि अलीकडे.

साहेबांना दुरुस्तीचा मेल मात्र धाडू नका. 'नोटेड' लिहिणाऱ्या माणसाने 'ली'पर्यंत वाचलं असेल असं मला वाटत नाही.