जुनी कॉमिक्स : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांची चाळीसेक मराठी इंद्रजाल कॉमिक्स (टाइम्स ऑफ इंडियाची जुनी मालिका) सापडली. कुबट वास येतो, पिना गंजल्यात, काहींवर बुरशी आहे. लॅमिनेट करून घेऊ का?
*– एक वाचिका, गिरगाव*

लॅमिनेशन अजिबात नको. ते प्लॅस्टिक गरम करून चिकटवतात, पुन्हा निघत नाही, आणि कागदातलं आम्ल आतच राहून काम करत राहतं. उन्हातही घालू नका. वास जाईल, पण या अंकांच्या न्यूजप्रिंटमध्ये, म्हणजे वर्तमानपत्री कागदात, लिग्निन हा लाकडातला घटक भरपूर असतो. उन्हाने तो कागद पिवळा पडतो आणि कडांना मोडू लागतो.

आधी बुरशीचे अंक वेगळे काढा. पंख्याच्या खोलीत, पण थेट झोताखाली नाही, दोन-तीन दिवस सुटे पसरून ठेवा. बुरशी कोरडी होऊन भुकटीसारखी झाली की मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या दिशेने झाडा. ओली असताना हात लावलात तर ती कागदात घासली जाते आणि डाग कायमचा बसतो. ओलं फडकंही नको.

पिनांकडे नीट लक्ष द्या, कारण मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंज थांबत नाही. तो पिनेभोवतीचा कागद खातो आणि मधली पानं सुटी होतात. नुसती तांबूस झालेली पीन असू द्या. कागदावर डाग उतरला असेल तरच काढा. अंक मधल्या पानावर उघडून टेबलावर सपाट ठेवा. पिनेच्या वाकलेल्या टोकांखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, बोथट पात्याने एकेक टोक सरळ उभं करा आणि मग पीन बाहेरून ओढा. चिकटली असेल तर आधी गंज खरवडा. ओढाताण केली की मुखपृष्ठ फाटतं. नवी पीन मारू नका. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आतल्या बाजूला सैलसर गाठ मारा. मूळ पीन गेल्याने काही संग्राहक किंमत कमी करतील, तरी आम्ही दोऱ्याच्याच बाजूने आहोत.

कसर दिसली, तर बुरशी नसलेले कोरडे अंक पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फाटलेल्या पानांना सेलोटेप नको. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन शाईपर्यंत झिरपतो. घरच्या गव्हाच्या खळीने कसर पुन्हा येते. मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवायची चिकट पूड) आणि पातळ जपानी टिश्यू कागद वापरा.

नंतर प्रत्येक अंक पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात, तोंड उघडं ठेवून. नव्या रेनकोटसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं असतं, ते घेऊ नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर असावं. डब्यात नारिंगी सिलिका जेल ठेवा आणि हिरवं पडलं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास वाळवा. साधा आर्द्रतामापक पावसाळ्यात सतत 65 टक्क्यांच्या वर दिसला, तर बुरशी परत येणार असं धरून चाला.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर अमर चित्र कथेचा 'कृष्ण' मिळाला. क्रमांक 11 आहे. विक्रेता म्हणतो, पहिली आवृत्ती. खरं असेल?
*– एक वाचक, माटुंगा*

क्रमांक बरोबर आहे. पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते, म्हणून 'कृष्ण' अकरावा. पुढच्या मालिकेत त्याला 501 हा क्रमांक मिळाला, म्हणजे तुमची प्रत त्याआधीची. पण 11 क्रमांकाखालीही तो पुन्हापुन्हा छापला गेला. मलपृष्ठावर किंवा आत प्रकाशित अंकांची यादी असेल तर ती वाचा: त्यात कृष्णानंतर बऱ्याच पुढचे अंक असतील तर ते पुनर्मुद्रणच. किंमत खोडून वर चिकटपट्टी लावली असेल तर पट्टी उजेडासमोर धरून खालचा आकडा पाहा.

नकलेची शंका असेल तर दहापट भिंगातून रंग पाहा. छापखान्यातल्या छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, इंकजेटमध्ये ते विखुरलेले असतात. अतिनील टॉर्चखाली आतलं पान निळसर पांढरं चमकलं, तर कागद जुन्या न्यूजप्रिंटचा नाही. आणि पुनर्मुद्रण निघालं तरी घ्या, फक्त पहिल्या आवृत्तीचे पैसे देऊ नका. राम वाईरकरांची चित्रं त्यातही आहेतच.

इंग्रजी इंद्रजालचे 123 आणि 124 कुठेच मिळत नाहीत.
*– एक वाचक, बोरिवली*

शोधू नका. संपामुळे ते निघालेच नाहीत. यादी करताना हेही लक्षात ठेवा की 443 नंतर अंकावर सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक छापू लागले.

आम्ही पाच मित्र महिन्यातून एकदा कॉमिक्स घेऊन बसतो, पण गप्पा किमतींवरच संपतात. वेगळं काय बोलावं?
*– एक वाचक, विलेपार्ले*

प्रत्येक वेळी एकच कथा घ्या आणि तिच्या मराठी व इंग्रजी प्रती शेजारी ठेवा. वेताळची (इंग्रजीतल्या 'फँटम'ची) कथा घेतलीत तर त्याचा मूळचा देश 'बंगाला' इथे 'डेंकाली' झालेला आणि 'सिंग' चाचे 'सिंगा' झालेले दिसतील. भारतीय वाचकाला बंगाल आणि सिंग आडनाव आठवू नये म्हणून केलेला हा बदल किती पुरा पडला, यावर एक संध्याकाळ सहज जाईल.

मग चौकटींकडे वळा. ली फॉक यांची ही मालिका 17 फेब्रुवारी 1936 पासून वर्तमानपत्रात रोज येत होती. कालचं आठवावं म्हणून रोजच्या पट्टीत थोडी उजळणी असायची. पुस्तकाच्या पानात त्या पट्ट्या बसवताना काही चौकटी कापल्या, काही वाढवल्या. मूळ पट्ट्यांचा संग्रह मिळाला तर कुठली चौकट गळली आणि तिच्यामुळे कथेचा कुठला दुवा तुटला, ते मोजता येतं. मराठी प्रतीत संवादाचे फुगे पाहा: वेलांटी, उकार, रफार यांना वर-खाली जागा लागते, मग भाषांतरकाराने वाक्य कुठे आवरलं?

एक बैठक इंद्रजालच्याच 'बहादूर' या भारतीय नायकासाठी ठेवा. 1976 मध्ये आबिद सुरतींनी तो लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी चितारला. भगवा कुर्ता, जीन्स आणि डाकूंचा मुलूख. त्याच्या शेजारी त्याच सुमाराचा वेताळचा अंक उघडून गावकरी कोण बोलतात आणि कोण नुसते मागे उभे असतात, ते पानापानाने पाहा.

एकाने वहीत शीर्षक, भाषा, क्रमांक, छापील किंमत आणि गहाळ पानं एवढं टिपावं. हात कोरडे असू द्या आणि चहा दुसऱ्या टेबलावर.