निर्दोष सुटले, मग १७ वर्षं कुठून आली?

प्रश्न: कोलंबियात फार्कच्या बंडखोरांना बॉम्ब बनवायला शिकवले म्हणून तीन आयरिश माणसं पकडली होती, २००१ ची गोष्ट. परवा मुलाशी यावरून वाद झाला. तो म्हणतो ते निर्दोष सुटले, मला पक्कं आठवतंय १७ वर्षं झाली. कोण बरोबर? आणि एकदा सोडल्यावर परत शिक्षा देता येते का, आपल्याकडे चालतं का असं?
– एक वाचक, मिरज

उत्तर: दोघंही बरोबर आहात, त्यामुळे वाद मिटणार नाही.

११ ऑगस्ट २००१ ला बोगोटाच्या विमानतळावर जेम्स मोनाहन, मार्टिन मॅककॉली आणि नायल कॉनली यांना धरलं. तिघांकडेही खोट्या नावांचे पासपोर्ट, आणि मोनाहनला स्फोटकांच्या जुन्या केसमध्ये आधीच शिक्षा झालेली. आले कुठून, तर कागुआनहून, म्हणजे अध्यक्ष पास्त्राना यांनी शांतता चर्चेसाठी सैन्य काढून घेऊन फार्कच्या हवाली केलेला टापू, ४२ हजार चौरस किलोमीटर, आपल्या केरळपेक्षा मोठा. तिघांचं म्हणणं की आम्ही शांतता प्रक्रिया बघायला गेलो होतो, खऱ्या नावाने फिरलो असतो तर अडकवलं असतं. शांतता बघायला खोट्या नावाने जाणारा माणूस कुणाला खरा वाटणार हो, मलाही पहिल्यांदा वाचताना नाहीच वाटला. पण पासपोर्ट खोटा असणं आणि बॉम्ब शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी केस त्यातच आहे.

सरकारी बाजूकडे मुख्य काय होतं, तर फार्क सोडून आलेले साक्षीदार, आम्ही यांना ट्रेनिंग देताना पाहिलं म्हणणारे. शिवाय सामानावर स्फोटकांचे अंश सापडल्याचा रिपोर्ट, तो डिफेन्सच्या एक्स्पर्टने भरवशाचा नाही म्हणून खोडला. तारखांवर मात्र साक्षीदार लटकले. ते सांगत होते त्या सुमारास कॉनली क्युबात, हवानामध्ये आपल्याला भेटला होता अशी साक्ष द्यायला आयर्लंडच्या वकिलातीतल्या एक बाई कोर्टात आल्या, आणि परक्या देशातल्या राजनैतिक अधिकाऱ्याने असं उभं राहणं रोज होत नाही. शेवटी एप्रिल २००४ मध्ये न्यायाधीश हायरो अकोस्ता यांनी ट्रेनिंगच्या आरोपातून तिघांना सोडलं, शिक्षा दिली ती फक्त खोट्या पासपोर्टची. वर दोन साक्षीदारांनी खोटं सांगितलं का ते तपासा म्हणाले. इथवर तुमचा मुलगा बरोबर.

सरकारी पक्ष अपिलात गेला. तिघांना जामीन मिळाला पण देश सोडायचा नाही या अटीवर. डिसेंबर २००४ मध्ये बोगोटाच्या वरच्या कोर्टाने तोच पुरावा वाचून निकाल पालटला आणि प्रत्येकी १७ वर्षं दिली. इथे तुम्ही बरोबर. पण तोपर्यंत तिघं गायब, आणि ऑगस्ट २००५ मध्ये थेट आयर्लंडमध्ये उगवले, आयआरएने, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या ज्या आयरिश संघटनेची माणसं म्हणून या तिघांवर संशय होता तिने, सशस्त्र लढा संपवल्याचं जाहीर केलं त्याला जेमतेम आठवडा झाला होता. कोलंबियाने आरडाओरडा केला पण दोन देशांत प्रत्यार्पण करारच नव्हता. पुढे २०१६ ला फार्कशी शांतता करार झाला, त्यातून निघालेल्या विशेष न्यायालयाने २०२० मध्ये तिघांना माफी दिली. माफी म्हणजे निर्दोष नव्हे, तेव्हा मुलाला फार उड्या मारू देऊ नका.

आता आपल्याकडचं. अपील म्हणजे दुसरा खटला नसतो, तोच खटला पुढच्या पायरीवर जातो, म्हणून एकाच गुन्ह्यात दोनदा खटला नको हा नियम आड येत नाही. आपल्याकडेही निर्दोष सुटलेल्या माणसाविरुद्ध सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४१९ आहे. अमेरिकेत ज्युरीने सोडलं की सरकारला अपील नाही, आपण सिनेमे तिकडचे बघतो म्हणून गोंधळ होतो.

परदेशी माणसांची तशी केस हवी तर पश्चिम बंगालमधलं पुरुलिया घ्या. डिसेंबर १९९५ मध्ये तिथे विमानातून रायफली टाकल्या, परतताना ते विमान मुंबईतच उतरवलं, आणि आपल्या विमानतळावरून मुख्य माणूस किम डेव्ही आरामात निसटला. ब्रिटिश पीटर ब्लीच आणि विमानाचे पाच कर्मचारी सापडले, २००० मध्ये जन्मठेप झाली, कर्मचारी त्याच वर्षी सुटले आणि ब्लीच २००४ मध्ये, दोन्ही वेळा सरकारच्या माफीने. डेव्ही डेन्मार्कमध्ये. तिथल्या कोर्टाने २०११ मध्ये त्याला आपल्या हवाली करायला नकार दिला, भारतात छळ होईल म्हणून, आणि २०२४ मध्ये परत तेच.