शिंगटी म्हणजे शिंगाळ्याचं पिल्लू का?

नदीवर गळ टाकून बसणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'वीतभर मासा गळाला लागला की आमच्यातले काही जण त्याला शिंगटी म्हणतात आणि हीच मोठी झाली की शिंगाळा होते असं सांगतात. पुस्तकात मात्र शिंघाळा असं छापलेलं दिसतं. मासे किती आणि शब्द किती?'

मासे दोन, आणि दोघांचं कूळ एक. पण शिंगटी कितीही वाढली तरी तिचा शिंगाळा होत नाही. हा गैरसमज होण्यामागे माशांच्या दिसण्याइतकाच मराठीच्या व्याकरणाचाही हात आहे, असं मला वाटतं.

मराठीत लिंग बदललं की आकार बदलतो. गाडा मोठा, गाडी लहान. पळा मोठा, पळी लहान. त्यामुळे शिंगाळा आणि शिंगटी हे शब्द शेजारी ठेवले की कान आपोआप मोठा नि लहान अशी जोडी लावतो. त्यात 'ट'कारी प्रत्ययाला लहानपणाचा वास आहेच: रोपाचं रोपटं, पोराचं पोरटं. पण नीट पाहिलं तर ही जोडी जुळत नाही. शिंगाळ्याचं लहान रूप या न्यायाने शिंगाळी व्हायला हवं होतं, शिंगटी नव्हे. मला हे शब्द एकमेकांपासून निघालेले दिसत नाहीत. दोन्ही 'शिंग' या शब्दापासून वेगवेगळ्या वाटांनी आलेले दिसतात. केसाळ म्हणजे केस असलेला, खडकाळ म्हणजे खडक असलेलं, तसा शिंगाळा म्हणजे शिंगं असलेला. शिंगटी म्हणजे छोट्या शिंगांची.

शिंगं म्हणजे पाठीवरच्या आणि छातीच्या परांचे पुढचे टणक काटे. धोका जाणवला की मासा ते ताठ उभे करून अडकवून ठेवतो, मग ते सहजी दाबले जात नाहीत. गळ काढताना ज्याला काटा बसला आहे त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. शिंग हा शब्द संस्कृत 'शृङ्ग'वरून आला. पाण्यात उगवणारा शिंगाडाही त्याच घरातला, 'शृङ्गाटक'वरून आलेला. त्याच्या फळालाही टोकं असतातच.

आता हातातला मासा ओळखायचा कसा? दोघांच्याही अंगावर खवले नाहीत, दोघांनाही मिशांच्या चार जोड्या. म्हणून मिशा मोजून उपयोग नाही, त्यांची लांबी पाहायची. वरच्या जबड्याची लांब मिशी अंगाला लावून मागे न्या. शिंगटीची मिशी शेपटीपर्यंत पोचते. शिंगाळ्याची पाठीवरच्या पराच्या आसपासच संपते. एवढ्याशा माशाची मिशी लांब आणि मीटरभराहून मोठ्या होणाऱ्या माशाची तुलनेने आखूड, हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. शिंगाळ्याचं तोंड लांबट, चपटं, पुढे पसरलेलं. आणि सगळ्यात भरवशाची खूण: पाठीवरच्या पराच्या मागे जो काटे नसलेला, मऊ, गुबगुबीत पर असतो, त्याच्या मागच्या टोकाला शिंगाळ्याला ठसठशीत काळा ठिपका असतो. शिंगटीचा तोच पर लांबच लांब, पुढच्या पराला जवळजवळ चिकटून सुरू होणारा आणि बिनठिपक्याचा. गंगेच्या खोऱ्यातल्या आड माशालाही हा ठिपका असतो, पण त्याच्या मिशा शेपटीच्या बुडापर्यंत जातात.

ठिपका दिसला तर तो वीतभर मासा शिंगटी नाही, शिंगाळ्याचं पोर आहे. त्याला पाण्यात सोडा, ही माझी कळकळीची विनंती.

'शिंघाळा'बद्दल. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन केलं आणि १८३९ साली कितीतरी माशांना इथलीच नावं शास्त्रीय नावं म्हणून दिली. शिंगटीचं 'सींगटी', शिंगाळ्याचं 'सींघाला', मळ्याचं 'मुल्या', कोळशीचं 'कोलुस'. ही नावं आजही जगभर चालतात, आणि मराठी कोळ्यांच्या तोंडचे शब्द असे टिकून राहिले याचा मला फार आनंद वाटतो. गंमत अशी की एकाच लेखात एका नावात 'ग' आहे आणि दुसऱ्यात 'घ'. शास्त्रीय नाव लिहिताना तो 'घ' ठेवावाच लागतो, पण मराठी लिहिताना मूळ शब्द शिंग आहे, शिंघ नव्हे. मी तरी शिंगाळाच लिहीन.

खाडीत गळ टाकणाऱ्यांसाठी आणखी एक. समुद्रातल्या एका माशालाही शिंगाळाच म्हणतात, आणि तो नदीच्या मुखापाशी येतो. नाव तेच, कूळ वेगळं: त्याला नाकपुड्यांजवळच्या मिशा नसतात. आणि शिंगी ही तिसरीच. तिच्या पाठीवर टणक काटा नसतो, मऊ गुबगुबीत परही नसतो, पण छातीच्या काट्यांत विष असतं. तिला उघड्या हाताने धरू नका.